चर्चमधला पाइप ऑर्गन हलवला, तर हलतं नेमकं काय?

गवाक्ष

जुन्या पाइप ऑर्गनांच्या स्थलांतराबद्दल सध्या वाचतेय. आधी एक गोष्ट सांगते, मग प्रश्न.

१६३१ मध्ये रॉबर्ट डॅलम या कारागिराने ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या चॅपलसाठी एक ऑर्गन बांधला. पुढे इंग्लंडात यादवी पेटली आणि १६४४ मध्ये पार्लमेंटने हुकूम काढला, की चर्चमधले ऑर्गन मोडून टाका. देवाच्या दारी असला डामडौल त्या मंडळींना नको होता. ठिकठिकाणी ऑर्गन फुटले, हा मात्र वाचला. आणि दहा वर्षांनी पार्लमेंटच्या बाजूचा पुढारी आणि तोवर देशाचा सर्वेसर्वा झालेल्या खुद्द क्रॉमवेलनेच तो उचलून हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात नेऊन बसवला! प्रार्थनेत संगीत पाप, स्वतःच्या दिवाणखान्यात चालेल, असा हिशेब असावा. १६६० मध्ये राजा परत आला, मागोमाग ऑर्गनही ऑक्सफर्डला परत गेला. मग १७३७ मध्ये तो ट्यूक्सबरी ॲबीत, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चमध्ये आला आणि अजून तिथेच आहे. 'मिल्टन ऑर्गन' म्हणतात त्याला, कारण कवी मिल्टन क्रॉमवेलच्या पदरी असताना हॅम्प्टन कोर्टात त्यावर वाजवत असे म्हणे.

मधल्या काळात १८४८ मध्ये विलिसने आणि १९९७ मध्ये केनेथ जोन्सने त्याची मोठी पुनर्बांधणी केली. म्हणजे दर्शनी भाग १७व्या शतकातला, आतलं बरंचसं नंतरचं आणि इमारत तिसरीच.

तर प्रश्न. युरोप-अमेरिकेत चर्चं बंद पडताहेत आणि त्यांतले ऑर्गन दुसरीकडे पाठवले जाताहेत. यात वाद्य वाचतं, की नुसतं सामान वाचतं? माझं मत सांगून टाकते: वाद्य मागेच राहतं. ऑर्गन एका विशिष्ट छताखाली, तिथल्या दगडाला आणि घुमाराला जुळवून बांधलेला असतो. निम्मं वाद्य म्हणजे ती इमारत. ती सोडून नेलेल्या ऑर्गनपेक्षा जागेवर गप्प उभा असलेला ऑर्गन बरा. पटत नसेल तर भांडा.

खवचट

थिसियसचं जहाज (एकेक फळी बदलत गेलं तर जहाज तेच राहतं का, हे जुनं कोडं) कोणी धाग्यात आणायच्या आत हजेरी लावतो. आणलंत तर मी जातो.

पेटीवाला

विषय भारी, पण माझ्यासारख्यांसाठी जरा खालच्या पट्टीत घ्या. पेटी वाजवतो, पायपेटीही हाताळली आहे. हे त्याचंच मोठं भावंड का? आणि हजारो नळ्या कशाला लागतात?

मंद्रसप्तक

@पेटीवाला, भावंड नाही, फार तर चुलत घराणं. पेटीत आणि पायपेटीत पितळी सूर थरथरतो. पाइप ऑर्गनच्या बहुतेक नळ्यांत हलणारं काहीच नसतं. बासरीत फुंकर कडेवर आपटते, तशी भात्यातली हवा नळीच्या ओठावर आपटते आणि आतला हवेचा स्तंभ कंप पावतो. काही नळ्यांत मात्र पितळी जिभली असते. ट्रम्पेट, ओबो वगैरे नावांचे स्टॉप (एकाच नादाच्या नळ्यांचा एक संच म्हणजे एक स्टॉप) त्यातलेच.

बासरीला भोकं असतात, इथे एका नळीला एकच सूर. ६१ पट्ट्यांचा की-बोर्ड असेल तर एका स्टॉपला किमान ६१ नळ्या. तीसेक स्टॉप म्हटले, की आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. '८ फुटी' स्टॉप म्हणजे त्यातल्या सर्वांत खालच्या सुराची नळी साधारण ८ फूट, म्हणजे २.४ मीटर लांब. १६ फुटी त्याच्या एक सप्तक खाली. ३२ फुटीचा खालचा सूर सुमारे १६ हर्ट्झचा असतो, तो कानाला ऐकू येण्यापेक्षा बाकाला टेकलेल्या पाठीला कळतो. नळीचं टोक बंद केलं तर निम्म्या लांबीत तोच सूर मिळतो, त्यामुळे जागेची अडचण असली की बंद नळ्या वापरतात. नादाचा पोत मात्र बदलतो.

गंमत म्हणजे हवेचा दाब अगदी मामुली असतो. अनेक जुन्या ऑर्गनांत तो पाण्याच्या ६० ते १०० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतकाच. तेवढ्यावर अख्खं चर्च दणाणतं.

पेटीवाला

धन्यवाद, आता कळलं. आणि हे सगळं उचलून दुसरीकडे न्यायचं म्हणता? धन्य आहे.

अनुस्वार

गवाक्ष, दोन मुद्दे.

एक, मिल्टनचं ते वाजवणं ही आख्यायिकाच. तो ऑर्गन वाजवायचा हे खरं, वडील संगीतकार होते हेही खरं, क्रॉमवेलच्या सरकारात परराष्ट्र पत्रव्यवहाराचा सचिवही होता. पण 'याच ऑर्गनवर वाजवला' याला पुरावा नाही. ऑर्गन हॅम्प्टन कोर्टात आला तोवर तो पूर्ण आंधळा झालेला होता. अर्थात आंधळ्याला ऑर्गन वाजवता येत नाही असं नाही.

दोन, आणि हा जास्त महत्त्वाचा. 'ऑर्गन चर्चसाठी जन्मतो आणि तिथेच शोभतो' हे गृहीतकच इतिहासाला धरून नाही. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने पाण्याच्या दाबावर चालणारा पहिला ऑर्गन केला, तेव्हा चर्च ही गोष्टच नव्हती. रोमन काळात तो आखाड्यात, खेळांच्या वेळी वाजायचा. पश्चिम युरोपात त्याची पुन्हा ओळख झाली ती ७५७ मध्ये, बायझंटाइन सम्राट पाचव्या कॉन्स्टंटाइनने फ्रँकांचा राजा पेपिन याला एक ऑर्गन भेट पाठवला तेव्हा. म्हणजे तिकडच्या ऑर्गनाची कहाणीच मुळात एका स्थलांतराने सुरू होते.

आणि जाता जाता: ट्यूक्सबरीतला दुसरा मोठा ऑर्गनही बाहेरून आलेलाच आहे. 'ग्रोव्ह ऑर्गन' म्हणतात तो. मिचेल आणि थिन यांनी १८८५ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी बांधला आणि १८८७ मध्ये तो या ॲबीला मिळाला. एकाच छताखाली दोन निर्वासित.

गवाक्ष

@अनुस्वार, ग्रोव्हचा मुद्दा मस्त. पण प्रदर्शनासाठी बांधलेला ऑर्गन म्हणजे दुकानात मांडलेला माल, त्याला मूळ घर नव्हतंच. माझा प्रश्न घर सोडणाऱ्यांबद्दल आहे. आणि पेपिनला मिळालेलं यंत्र आजच्या अर्थाने चर्चचा ऑर्गन नव्हतंच, हेही तुमच्याच मुद्द्यातून निघतं. :)

दूरदेशी

गवाक्ष, तुमच्या मताला सगळ्यात मोठा छेद देणारं गाव उत्तर जर्मनीत आहे. नाव काप्पेल. समुद्राकाठचा सपाट, वाऱ्याचा मुलूख, लहानसं चर्च आणि आत आर्प श्निटगरचा ऑर्गन.

श्निटगर म्हणजे उत्तर जर्मन ऑर्गन परंपरेतलं सर्वांत मोठं नाव. हा ऑर्गन त्याने १६८० मध्ये हॅम्बर्गच्या सेंट योहानिस मठाच्या चर्चसाठी बांधला, त्यात काही नळ्या त्याहून जुन्या ऑर्गनातल्या वापरल्या. नेपोलियनच्या धामधुमीत त्या चर्चची रया गेली. इकडे काप्पेलचं चर्च १८१० मध्ये जळालं होतं, नवीन बांधल्यावर ऑर्गन हवा होता. १८१६ मध्ये हॅम्बर्गचा ऑर्गन काप्पेलला आला. हॅम्बर्गचं ते चर्च पुढे १८२९ मध्ये पाडलं.

आता बघा. हा ऑर्गन 'जागेवर गप्प' राहिला असता तर चर्चबरोबर गेला असता. हॅम्बर्गमध्येच दुसऱ्या श्रीमंत चर्चमध्ये गेला असता, तर १९व्या शतकातल्या फॅशनप्रमाणे त्याचा आवाज जाडजूड, रोमँटिक करून टाकला असता. काप्पेलला तेवढे पैसे नव्हते. गरिबीमुळे कोणी हात लावला नाही, आणि आज सर्वांत चांगल्या अवस्थेत टिकलेल्या श्निटगर ऑर्गनांत त्याची गणना होते. १९५० च्या सुमारास ऑर्गनवादक हेल्मुट वाल्खाने जर्मन संगीतकार बाखच्या रचनांचं ध्वनिमुद्रण करायला हाच ऑर्गन निवडला.

मी तो प्रत्यक्ष ऐकलाय. चर्च लहान, घुमार जेमतेम. मठाच्या मोठ्या चर्चमध्ये तो असा वाजत नसणार, हे मान्य. पण प्रत्येक नळीचा शब्द स्पष्ट येतो. मला तर त्यात तोटा वाटला नाही.

शंकासुर

@दूरदेशी, त्याच श्निटगरचा हॅम्बर्गच्या सेंट याकोबीतला ऑर्गन मात्र जागेवर राहून वाचला ना?

दूरदेशी

हो आणि नाही. १६९३ चा तो ऑर्गन, ६० स्टॉप. १७२० मध्ये तिथल्या ऑर्गनवादकाच्या जागेत बाखला रस होता. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, त्याच्या दर्शनी कथलाच्या नळ्या लष्कराने वितळवायला नेल्या. दुसऱ्या महायुद्धात शहाणपणा करून उरलेल्या नळ्या वेळीच उतरवून सुरक्षित ठेवल्या. लाकडी चौकट मात्र १९४४ मध्ये जळाली. १९९३ मध्ये युर्गेन आरेंटने जीर्णोद्धार पूर्ण केला. म्हणजे तोही वाचला तो काही वर्षं 'घराबाहेर' राहिल्यामुळेच.

ड्रेस्डेनचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथल्या होफकिर्शे चर्चमधल्या, झिल्बरमान या कारागिराच्या ऑर्गनच्या नळ्या १९४४ मध्ये हलवल्या होत्या, त्या टिकल्या. फ्राउएनकिर्शेतला झिल्बरमान, ज्यावर १७३६ मध्ये बाखने मैफल केली होती, तो फेब्रुवारी १९४५ मध्ये चर्चसकट गेला.

खवचट

म्हणजे निष्कर्ष: ऑर्गनाला दोनच गोष्टी वाचवतात, दारिद्र्य आणि पळपुटेपणा. मला दोन्ही जमतं, मी दीर्घायुषी होणार.

सुतारपक्षी

धागा उशिरा दिसला. मी ऑर्गन बांधणाऱ्यांच्या एका कार्यशाळेत काही काळ उमेदवारी केली आहे आणि उतरवण्याच्या कामांवर रीतसर हमालीही. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

उतरवण्याआधीच सगळ्यात महत्त्वाचं काम असतं, आणि बहुतेक फसलेली स्थलांतरं तिथेच फसतात. प्रत्येक स्टॉप वाजवून ध्वनिमुद्रण करायचं, हवेचा दाब मोजायचा, सुराची उंची नोंदवायची आणि तीही तापमानासकट. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की नळीचा सूर साधारण ३ सेंट वर चढतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या ३ टक्के. जिभलीच्या नळ्या तेवढ्या चढत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात दोन्ही एकमेकांशी भांडतात. 'ऑर्गन अमुक सुरात होता' ही नोंद तापमानाशिवाय कुचकामी.

मग नळ्या. सर्वांत लहान नळी पेन्सिलीएवढी, पण बोलणारा भाग त्याहूनही छोटा. त्या कागदात गुंडाळून खणाखणांच्या खोक्यात. प्रत्येक नळीवर स्वराचं अक्षर कोरलेलं असतं, मूळ कारागिराने टोकदार अवजाराने ओरखडलेलं. त्या अक्षराच्या वळणावरून नळी कोणी केली हे जाणकार ओळखतात, त्यामुळे नळी पुसताना तिथे जोर लावला तर शिव्या बसतात. मोठ्या धातूच्या नळ्यांत शिसं जास्त असेल तर त्या स्वतःच्याच वजनाने बसतात, वाकतात. एकावर एक रचल्या की संपलं. त्यांना वेगवेगळे पाळणे करावे लागतात, उचलायला चार-पाच माणसं, आणि सगळ्यांनी एकाच वेळी वळायचं. जिना अरुंद असतो. नेहमीच.

वजनाला सर्वांत जड म्हणजे वायुपेट्या. ओकच्या लाकडाच्या, त्यांवर नळ्या उभ्या असतात आणि आत झडपा. थंड, दमट चर्चमध्ये दोनशे वर्षं राहिलेली पेटी गरम हवेच्या यंत्रणेच्या इमारतीत नेली, की लाकूड सुकतं, तडा जातो, हवा शेजारच्या खोबणीत शिरते आणि एखादा सूर बंदच होत नाही. भर प्रार्थनेत.

आता गवाक्ष यांच्या मुद्द्याकडे. नळीला 'बोलतं' करणं, ज्याला व्हॉइसिंग म्हणतात, ते शेवटी त्या इमारतीतच केलं जातं हे बरोबर. पण त्यावरून 'हलवूच नका' हे निघत नाही. निघतं ते हे, की नव्या जागी गेल्यावर हात आवरा. नळीचा ओठ वर कापला की तो परत खाली येत नाही, नवा तुकडा डाकवावा लागतो. पायाचं भोक मोठं केलं तर निदान पुन्हा ठोकून लहान करता येतं. मी पाहिलेली वाईट कामं स्थलांतरामुळे वाईट नव्हती. नव्या मालकाला लगेच 'आपल्यासारखा' आवाज हवा होता, म्हणून वाईट झाली.

आणि 'जागेवर गप्प' हा पर्याय कागदावरच चांगला दिसतो. न वाजणाऱ्या ऑर्गनाचं चामडं कडक होतं, उंदीर भात्यात शिरतात, छत गळतं. बंद लाकडी कपाटात ओकमधून ॲसिटिक आम्ल हवेत जातं आणि शिशाच्या नळ्यांचे पाय पांढरे पडून खाल्ले जातात. गप्प बसलेला ऑर्गन सावकाश मरत असतो.

जाता जाता: उतरवताना आत काय काय सापडतं! मेणबत्त्यांची थोटकं, वटवाघळाचे सांगाडे आणि भाता ओढणाऱ्या पोरांनी पेन्सिलीने लिहिलेली नावं. विजेचे पंखे यायच्या आधी भात्यावर माणसंच असत. प्रवचन लांबलं की ती कंटाळत असणार, दुसरं काय.

मंद्रसप्तक

सुतारपक्षी, असे प्रतिसाद येतात म्हणून इथे येतो. +१.

घंटाघर

मी गप्प वाचत होतो, पण आता लिहितोच. मी अशा एका चर्चच्या समितीवर आहे, जिथे ऑर्गन देऊन टाकायचा की नाही यावर खल चालू आहे. नाव-गाव सांगत नाही.

तुम्ही सगळे नादाबद्दल बोलताय, आमच्या बैठकीत छताबद्दल बोलणं होतं. रविवारी येणारी मंडळी कमी, त्यांतली बहुतेक म्हातारी. वाजवणारा मिळत नाही. ऑर्गन 'फुकट घेऊन जा' म्हटलं तरी घेणारा पळून जातो, कारण उतरवणं, नेणं, दुरुस्ती, पुन्हा उभारणं हा खर्च कितीतरी मोठा. फुकटचा ऑर्गन ही जगातली एक महागडी वस्तू आहे.

शिवाय घेणाऱ्याकडे तो मावला पाहिजे. १६ फुटी उघडी नळी म्हणजे जवळजवळ ५ मीटर, त्यात तिचा पाय वेगळा. सज्जावर काही टन वजन पेलेल का, हे आधी इमारत अभियंत्याला विचारावं लागतं. एक पाहुणे येऊन गेले, त्यांना सगळं पसंत, फक्त 'दर्शनी भाग तेवढा द्या, आत आम्ही स्पीकर बसवू' म्हणाले. समितीतल्या एका आजींनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

खवचट

आजींना माझा नमस्कार सांगा. पण खोडी काढायची म्हणून विचारतो: स्पीकरमध्ये वाईट काय? मूळ चर्चमध्ये मूळ ऑर्गनची एकेक नळी घुमारासकट मुद्रित करून संगणकावर वाजवता येते. गवाक्ष यांना इमारत हवी आहे ना? मग इमारतच उचलून आणली की!

मंद्रसप्तक

खवचट्या, सरावाला ते उत्तमच आहे, मीही घरी तेच वापरतो. पण मुद्रणात तो घुमार ज्या एका जागी माइक ठेवला होता तिथला असतो. तू डोकं वळवलंस तरी तो वळत नाही. आणि अनेक सूर एकदम दाबल्यावर खऱ्या ऑर्गनमध्ये हवेचा दाब किंचित डुचमळतो, सगळ्या नळ्या एकाच श्वासावर असतात. नळीगणिक वेगळं मुद्रण केलं की तो एकत्र श्वास नंतर गणिताने घालावा लागतो.

शंकासुर

मला उलट उदाहरण सुचतंय, जिथे नवीन इमारतीत ऑर्गन आधीपेक्षा चांगला वाटला. लंडनचं टेम्पल चर्च. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात तिथला ऑर्गन जळाला. सध्याचा आहे तो हॅरिसन अँड हॅरिसनने १९२० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या ग्लेन टॅनर इथे एका लॉर्डच्या नृत्यदालनासाठी बांधलेला. त्या दालनाच्या छताला हरणांची शेकडो शिंगं लावलेली! घुमार शून्य. १९५३ मध्ये तो रेल्वेने लंडनला आला आणि दगडी चर्चमध्ये उभा राहिला. आज इंग्लंडातल्या नावाजलेल्या ऑर्गनांत त्याचं नाव घेतात.

गवाक्ष, तुमच्या नियमाने त्याचं खरं घर शिंगांखाली. मग तो घरी परत पाठवायचा का?

गवाक्ष

शिंगांचा मुद्दा मान्य, हसले. :) पण तुम्ही सगळे जिंकलेली उदाहरणं सांगताय. तुकडे होऊन विकले गेलेले, दर्शनी भाग हॉटेलात आणि नळ्या भंगारात गेलेले, त्यांची नावं कोणालाच माहीत नसतात. टिकलेल्यांवरून नियम काढता येणार नाही.

अनुस्वार

हा आक्षेप रास्त आहे. मग अगदी काठावरून परत आलेला घ्या. बोस्टन म्युझिक हॉलचा ऑर्गन, चर्चचा नव्हे पण विषयाला धरून आहे. जर्मनीतल्या वाल्करने बांधला, अमेरिकेतल्या यादवीच्या काळात जहाजाने तिकडे आला आणि १८६३ मध्ये वाजला. शहराने डोक्यावर घेतला. वीस वर्षांत हौस फिटली, मंचावर वाद्यवृंदाला जागा हवी म्हणून १८८४ मध्ये काढला आणि तो एका शेडमध्ये पडून राहिला. १८९७ मध्ये एडवर्ड सर्ल्स या धनिकाने १,५०० डॉलरला घेतला आणि मेथ्यूएन गावात त्याच्यासाठी खास दालन बांधलं. ते १९०९ मध्ये उघडलं. ऑर्गनाला इमारत शोधण्याऐवजी ऑर्गनाच्या मापाने इमारत! गवाक्ष, तुमच्या तत्त्वाचं हे टोक म्हणायला हवं.

दूरदेशी

अमेरिकेतून उलट दिशेनेही गेलेत. मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्नच्या युनिटेरियन चर्चमधला १८७० चा हुक ऑर्गन, चर्च बंद पडल्यावर २००१ मध्ये बर्लिनच्या हायलिग क्रॉइझ चर्चमध्ये आला. जर्मनांनी अमेरिकेचा ऑर्गन घ्यावा, हे शंभर वर्षांपूर्वी कोणाला सांगितलं असतं तर हसले असते.

आणि सर्वांत लांब गेलेला श्निटगर ब्राझीलमध्ये आहे, मारियाना गावाच्या कॅथेड्रलमध्ये. १८व्या शतकाच्या सुरुवातीला हॅम्बर्गमध्ये बांधला, आधी पोर्तुगालला गेला, मग १७५३ मध्ये राजाची भेट म्हणून समुद्र आणि डोंगर ओलांडून खाणींच्या मुलखात. विसाव्या शतकात बरीच दशकं मुका होता, १९८४ मध्ये पुन्हा वाजू लागला.

पेटीवाला

समुद्र ओलांडून? दमट हवेत लाकडाचं काय होत असेल? आमची पेटी पावसाळ्यात रुसते.

सुतारपक्षी

पेटीवाला, याच प्रश्नावर फिलिपिन्समधलं सुंदर उदाहरण आहे. लास पिन्यास गावाच्या चर्चमधला बांबूचा ऑर्गन. दिएगो सेरा या पाद्र्याने १८१६ ते १८२४ मध्ये बांधला. १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या. बांबूला कीड लागू नये म्हणून तो आधी समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला होता. भूकंप, वादळं सोसून तो खिळखिळा झाला, तेव्हा १९७३ मध्ये दुरुस्तीसाठी जर्मनीत बॉनच्या क्लाइस कार्यशाळेत पाठवला. तिथल्या कोरड्या हवेत बांबू फुटला असता, म्हणून कारागिरांनी कार्यशाळेतच उष्ण कटिबंधातली हवा राखणारी खोली केली. १९७५ मध्ये तो घरी परत आला.

माझ्या मते गवाक्ष यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. इमारत नेता येत नाही, पण तिची हवा नेता येते. घुमार नेता येत नाही.

शंकासुर

उलट दिशेचंही एक: कॅलिफोर्नियातल्या गार्डन ग्रोव्हचं काचेचं चर्च. काचेतून येणारं ऊन आणि वाळवी यांनी तिथल्या ऑर्गनची वाट लावली. चर्च कॅथलिक डायोसिसने घेतलं, २०१३ मध्ये ऑर्गन उतरवून इटलीत पादोव्हाला रुफात्ती यांच्याकडे गेला. १७ हजारांच्या आसपास नळ्या! सगळं परत येऊन तो वाजायला २०२२ उजाडलं. आणि त्यातला काही भाग मुळात न्यूयॉर्कच्या एका संगीत सभागृहातला. आता सांगा याचं माहेर कुठलं.

मंद्रसप्तक

आणि नोत्र दाम? २०१९ च्या आगीत कावाये-कोलचा ऑर्गन जळाला नाही, पण शिशाच्या धुळीने माखला. २०२० मध्ये जवळजवळ ८,००० नळ्या उतरवल्या, साफ केल्या, पुन्हा त्याच सज्जावर चढवल्या. त्याच इमारतीत, त्याच जागी. तरीही स्वर लावायला २०२४ मध्ये महिनोन्महिने लागले, तेही रात्री, कारण दिवसा बांधकामाचा आवाज. घासून स्वच्छ केलेला दगड पूर्वीसारखा घुमत असेल का? गवाक्ष, इथे ऑर्गन हललाच नाही, घर हललं.

खवचट

अवांतर: २००६ मध्ये युरोपीय संघाच्या शिसेबंदीच्या नियमात पाइप ऑर्गन सापडतात की काय, म्हणून ऑर्गनवाल्यांची झोप उडाली होती. विजेचा पंखा जोडलेला, म्हणजे 'विद्युत उपकरण', आणि त्यात टनावारी शिसं! नंतर खुलासा झाला, की ऑर्गन त्यात येत नाहीत. बाबूगिरी सगळीकडे सारखीच.

अनुस्वार

त्यात हस्तिदंताची भर घाला. जुन्या पट्ट्यांवर हस्तिदंत असेल तर सीमा ओलांडताना परवाने लागतात. ब्रिटनच्या कायद्यात १९७५ पूर्वीच्या आणि २० टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वाद्यांना विकण्यासाठी सूट आहे, पण नोंदणी करावीच लागते. @घंटाघर, तुमच्याकडच्या पट्ट्या तपासून घ्या.

गवाक्ष

वाचतेय. काप्पेल आणि बांबू, या दोन्हींनी मला विचार करायला लावलंय. माझा मूळ हट्ट जरा आखडता घेते: इमारत निम्मं वाद्य आहे, हे मी सोडत नाही. पण उरलेल्या निम्म्याला नवी इमारत मिळण्याचा हक्क आहे, एवढं मान्य. अट एकच, नव्या घरच्यांनी पाहुण्याची हाडं मोडून त्याला कोपऱ्यात बसवू नये.

घंटाघर

हेच मला लेखी हवंय! पुढच्या बैठकीत घेऊ इच्छिणाऱ्या एका चर्चचं पत्र वाचलं जाईल. सुतारपक्षी, करारात काय लिहून घ्यावं?

सुतारपक्षी

घाईत लिहितो. संच फोडायचा नाही, सगळ्या नळ्या एकाच ठिकाणी. सुराची उंची बदलण्यासाठी नळ्या कापायच्या नाहीत, त्यांच्या गायकांना ४४० हर्ट्झची आजची प्रमाण पट्टी हवी असेल तर दुसरं वाद्य घ्या म्हणावं. हवेचा दाब नोंदीप्रमाणेच. उंची कमी पडली तर मोठ्या नळ्या कापण्याऐवजी कोपरा देऊन वळवायच्या, हवेला वळण चालतं. त्यांना नको असेल तेव्हा भंगारात न देता तुम्हाला आधी कळवायचं. आणि उतरवण्याआधी तुमच्या चर्चमध्ये, माणसं बाकांवर बसलेली असताना, एकदा पूर्ण मुद्रण. माणसांनी घुमार बदलतो.

घंटाघर

बाकी सगळं होईल. ४४० वर मात्र भांडण होणार, त्यांच्याकडे तरुणांचा वाद्यवृंद आहे आणि पत्रात तेच ठळक लिहिलंय. बैठक झाली की इथेच लिहितो. मुद्रणासाठी बाकं भरायला माणसं कुठून आणायची, तेवढं कोणीतरी सुचवा.

खवचट

जेवण आहे म्हणून सांगा.